तीन औषधांची एक गोळी



वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मयावर व्याख्यान असले म्हणजे माणसे सहकुटुंब येतात. शिवकालावर असले म्हणजे मुलांना पुढे बसवतात. एचआयव्हीचे नाव फलकावर लिहिले की मात्र पुष्कळ ठिकाणी पुरुषमंडळी एकटीच येतात आणि मागच्या खुर्च्या आधी भरतात. आज चंदनसारला तसे झालेले नाही. समोर भगिनीवर्ग आहे, महाविद्यालयातली मुले आहेत, आणि पुढच्या रांगाही भरलेल्या आहेत. त्यामुळे मला मोकळेपणाने बोलता येईल.

कोणाच्या आचरणाविषयी मी आज बोलणार नाही. हा रोग कोणाला कसा झाला याची चौकशी करण्यात आपल्या समाजाने चाळीस वर्षे घालवली. तो बरा राखता येतो कसा, याची चौकशी त्यामानाने फारच थोडी झाली. मला बोलायचे आहे ते एका साध्या हिशोबाविषयी. या रोगावर तीन औषधे एकाच वेळी देतात. तीनच का, एकत्रच का, आणि जन्मभर का, हे तीन प्रश्न मी घेणार आहे. चौथा प्रश्न उरतो, या सगळ्याशी तुमचा-आमचा संबंध काय, हा. त्याचे उत्तर पहिल्या तिघांतूनच निघते, म्हणून तो शेवटी ठेवला आहे.

प्रथम रोगाची ओळख करून घेऊ. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात आणि त्यांच्यात अनेक जाती आहेत. त्यांतील एका जातीला सीडी-फोर पेशी म्हणतात. शरीरात जंतू शिरला की बाकीच्या पेशींना जागे करायचे, कोणी कोठे धावायचे ते सांगायचे, हे काम या पेशींकडे असते. गस्तवाला गेला तर गाव एका रात्रीत ओस पडत नाही. पण पुढे कोणताही भुरटा चोर येऊन लुटून जातो. एचआयव्ही हा विषाणू नेमका या गस्तवाल्यालाच गाठतो. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये या पेशी साधारण पाचशे ते दीड हजार असतात. त्या दोनशेच्या खाली गेल्या म्हणजे त्या अवस्थेला एड्स म्हणतात. तेव्हा एचआयव्ही हे विषाणूचे नाव आहे, आणि एड्स हे त्याने उपचाराविना वर्षानुवर्षे केलेल्या नासाडीचे. दोहोंत आठ-दहा वर्षांचेही अंतर असू शकते. त्या काळात माणूस आपल्यासारखाच चालतो-बोलतो, गाडी पकडतो, कामावर जातो. आणि त्याला स्वतःलाही पत्ता नसतो.

आता हा विषाणू वाढतो कसा ते पाहा. विषाणूजवळ स्वतःचा कारखाना नसतो. त्याच्याजवळ असतो तो फक्त एक मसुदा. तोही अशा लिपीत, की जी आपल्या पेशीच्या दप्तरात चालत नाही. जुन्या घरांतून मोडीतले कागद निघतात आणि सरकारी कचेरीत दाखल करण्यापूर्वी ते बाळबोधीत उतरवून घ्यावे लागतात, तसाच हा प्रकार आहे. विषाणू पेशीत शिरला की पहिले काम करतो ते आपल्या मसुद्याचे बाळबोधीत लिप्यंतर. त्यासाठी तो आपला कारकून बरोबर घेऊन येतो. दुसरे काम, ते बाळबोध पान पेशीच्या मूळ चोपडीत शिवून टाकणे. एकदा शिवले गेले की पेशी ते स्वतःचेच समजते आणि त्याबरहुकूम माल काढू लागते. तिसरे काम, निघालेला लांबलचक माल कापून, बेतून, नवे विषाणू उभे करणे. लिप्यंतर, शिवण आणि कातर, अशा या तीन जागा. या तीन कामांचे तीन कामगार म्हणजे शास्त्रज्ञांच्या भाषेत तीन विकरे. आज वापरात असलेली बहुतेक औषधे या तिघांपैकी कोणा ना कोणाचा हात धरतात.

मग एकाचाच हात धरला तर पुरेसे का नाही? हा प्रश्न रास्त आहे, आणि वैद्यकाला त्याचे उत्तर मिळवायला दहा वर्षे लागली. पहिले औषध झिडोव्ह्युडीन. ते अमेरिकेत १९६४ सालीच, कर्करोगावर उपयोगी पडेल या आशेने तयार केले होते. तेथे निरुपयोगी ठरून ते बाजूला पडले, आणि पुढे या विषाणूवर चालते असे दिसल्यावर १९८७ साली त्याला परवानगी मिळाली. रोग्यांना ते दिले, आणि खाटेला खिळलेली माणसे उठून बसली. वर्तमानपत्रांनी मथळे दिले. पण काही महिन्यांत तीच माणसे पुन्हा खाली घसरू लागली. औषध तेच, मात्रा तीच. गुण मात्र येईना. कारण रक्तातला विषाणू आता पहिला राहिलेला नव्हता.

कारकुनाची गोष्ट येथे पुन्हा घ्यावी लागेल. हा लिप्यंतर करणारा कारकून फार घाईचा आहे, आणि लिहिलेले तपासून पाहण्याची त्याला सवय नाही. सुमारे दहा हजार अक्षरांच्या मसुद्यात तो येथे-तेथे चुका करतो. बहुतेक चुकांनी विषाणू निकामी होतो. पण एखादी चूक अशी पडते की औषधाला धरायची ती जागाच बदलते. मग ज्याचा हात धरायचा त्याचा हातच निसटतो. औषधाने बाकीचे सारे विषाणू मारले जातात, आणि हा एक वाचलेला, मोकळे रान मिळाल्यासारखा वाढत सुटतो. औषधाने त्याला बनवले नाही. निवडले मात्र औषधानेच.

आता अंक घेऊ. अंक ढोबळ आहेत, पण त्यांतून मुद्दा स्वच्छ होतो. उपचार नसलेल्या रोग्याच्या अंगात रोज सुमारे एक हजार कोटी नवे विषाणू तयार होतात, असे १९९५-९६ च्या सुमारास झालेल्या संशोधनातून दिसून आले. तोपर्यंत समजूत अशी होती की हा विषाणू वर्षानुवर्षे निजून असतो. समजा, एका औषधाला चुकवणारी एक विशिष्ट चूक लाखात एकदा घडते. एक हजार कोटी भागिले एक लाख, म्हणजे एक लाख. म्हणजे एका औषधाला दाद न देणारे एक लाख विषाणू त्या शरीरात रोज जन्माला येतात. औषध सुरू करण्याच्या आधीच ते तेथे हजर असतात! अशा ठिकाणी एकटे औषध म्हणजे हरण्यासाठीच मांडलेला डाव.

दोन औषधे एकदम दिली तर? एकाच विषाणूत दोन्ही चुका एकाच वेळी पडायला हव्यात. लाखात एकाचा लाखावा भाग, म्हणजे हजार कोटींत एक. रोजची पैदास हजार कोटींची. तेव्हा असा एखादा विषाणू रोज निघणारच. दोन औषधांनी रोगी अधिक दिवस तगला, आणि तरीही शेवटी घसरला, याचे कारण हे.

आणि तीन औषधे? तिन्ही चुका एकाच जागी पडण्याचा योग दहा कोटी कोटींत एकदा. रोज हजार कोटींच्या हिशोबाने तो योग यायला एक लाख दिवस लागतील. एक लाख दिवस म्हणजे जवळजवळ पावणेतीनशे वर्षे. तेवढे आयुष्य ना रोग्याला, ना डॉक्टरला! शिवाय तिन्ही औषधे चालू असली की पैदासच थांबत येते, आणि पैदास नाही तर चुकाही नाहीत. प्रत्यक्षात सगळी औषधे या हिशोबात एकसारखी बसत नाहीत. एखादे एकाच चुकीने हरते, एखाद्याला हरवायला तीन-चार चुका लागतात. पण तीनच का, एकत्रच का, याचे मर्म या त्रैराशिकात आहे.

तुम्ही वसई तालुक्यातले लोक, म्हणून एक घरचे उदाहरण देतो. चिमाजीअप्पांनी वसईचा किल्ला १७३९ च्या मे महिन्यात घेतला तो एकाएकी घेतला नाही. ठाणे आणि साष्टी १७३७ सालीच हाती आली होती. मग उत्तरेकडचे माहीम, तारापूर ही ठाणी गेली. कुमकेच्या वाटा अशा एकामागून एक बंद झाल्यावर वसईला वेढा बसला, आणि तरीही तो महिनोन्‌महिने चालला. एखादी वाट उघडी राहती तर वेढा लांबला असता, कदाचित उठलाही असता. एका औषधाचा उपचार म्हणजे एका बाजूचा वेढा.

हे शहाणपण वैद्यकाला नवे नव्हते. क्षयाच्या बाबतीत आपल्या आजोबांच्या पिढीने ते पाहिले आहे. स्ट्रेप्टोमायसीन निघाले तेव्हा क्षयरोगी एकदम सुधारले आणि मग त्यांतले पुष्कळ पुन्हा बिघडले. ब्रिटिशांच्या १९४८ च्या प्रयोगात ही गोष्ट नोंदली गेली, आणि १९५० मध्ये त्याच औषधाच्या जोडीला 'पास' नावाचे दुसरे औषध दिले तेव्हा जंतूचे हे बंड पुष्कळ आटोक्यात आले. पुढे मद्रासला १९५६ साली क्षयोपचाराचे केंद्र निघाले. सॅनिटोरियममध्ये ठेवलेल्या रोग्यांइतकाच गुण, दाटीवाटीच्या घरात राहून नेमाने औषधे घेणाऱ्या गरीब रोग्यांनाही येतो, असे त्या केंद्राने १९५९ मध्ये जगाला दाखवून दिले. हवा, दूध, अंडी आणि डोंगरमाथा यांच्यापेक्षा नेमाने घेतलेली औषधे मोठी, हा त्याचा अर्थ. घर लहान असले तरी चालते. नेम मात्र मोठा लागतो. हा धडा एचआयव्हीलाही तंतोतंत लागू पडतो.

एचआयव्हीवर तीन औषधांचा संयुक्त उपचार जगापुढे आला तो १९९६ च्या जुलैमध्ये, कॅनडातील व्हँकूव्हरच्या परिषदेत. कातरीचे काम करणाऱ्या विकराला धरणारी औषधे तेव्हा नुकतीच निघाली होती. अमेरिकेत या रोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण १९९७ साली आदल्या वर्षाच्या जवळजवळ निम्म्यावर आले. पण तो उपचार भारी होता. दिवसाला मूठभर गोळ्या, काही उपाशीपोटी, काही आठ तासांच्या अंतराने. आणि खर्च वर्षाला दहा-बारा हजार डॉलर. आपल्याकडच्या कामगाराने एवढी रक्कम ऐकावी आणि घरी जाऊन मरणाची तयारी करावी, अशीच ती परिस्थिती होती.

येथे मुंबईचे नाव घ्यावे लागते, आणि अभिमानाने घ्यावे लागते. आपल्या संसदेने १९७० साली पेटंटचा नवा कायदा केला. औषधाच्या पदार्थावर मक्ता द्यायचा नाही, तो बनवण्याच्या रीतीवर तेवढा द्यायचा, असे त्यात ठरले. त्यामुळे तेच औषध निराळ्या रीतीने बनवण्याची मुभा आपल्या कारखान्यांना मिळाली. परदेशात या तीन औषधांचे मक्ते तीन निराळ्या कंपन्यांकडे होते. तिघांचे औषध एका गोळीत घालायचे कोणी? ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ साली मुंबईत स्थापन केलेल्या सिप्ला कंपनीने ते केले. स्टॅव्ह्युडीन, लॅमिव्ह्युडीन आणि नेव्हिरापीन ही तीन औषधे एका गोळीत बसवली, सकाळी एक आणि रात्री एक. संस्थापकांचे पुत्र युसूफ हमीद यांनी २००१ च्या फेब्रुवारीत ही तीन औषधे परदेशी सेवाभावी डॉक्टरांच्या संस्थेला वर्षाला ३५० डॉलरांत देऊ केली. दिवसाला एक डॉलरही पुरता नाही! बारा हजारांची गोष्ट साडेतीनशेवर आली. आफ्रिकेतल्या लक्षावधी माणसांना पुढे जी औषधे मिळाली, त्यांत भारतात बनलेल्या औषधांचा वाटा फार मोठा आहे. पुढे २००५ साली आपला कायदा बदलला आणि पदार्थावरचा मक्ता परत आला. पण तोपर्यंत वाट पडली होती.

घरच्या रोग्यांना मात्र अजून थांबायचे होते. सरकारने ही औषधे फुकट देण्यास प्रारंभ केला तो १ एप्रिल २००४ रोजी, देशातील आठ रुग्णालयांतून. त्या आठांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. आरंभी पेशी दोनशेच्या खाली उतरल्यावरच औषध मिळे. म्हणजे घराला आग लागल्यावर पाणी. ही रेषा हळूहळू वर सरकत गेली आणि २०१७ साली पुसूनच टाकली. आज चाचणीत विषाणू आढळला की, पेशी कितीही असोत, उपचार सुरू होतो. त्याला लोक एआरटी म्हणतात, आणि ती औषधे सरकारी एआरटी केंद्रांतून विनामूल्य मिळतात.

औषधेही सुधारली. त्या पहिल्या गोळीतल्या स्टॅव्ह्युडीनने पायांना मुंग्या येत आणि गाल बसत. चेहरा पाहूनच लोक ओळखत. रोग्याने तोंड मिटून ठेवले तरी औषध बोलून जाई. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली ते बंद करत आणण्याचा सल्ला दिला. आज आपल्याकडे सर्वसाधारण प्रौढ रोग्याला जी गोळी देतात, तिच्यात टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्ह्युडीन ३०० मिलिग्रॅम आणि डोल्युटेग्राव्हिर ५० मिलिग्रॅम असते. पहिली दोन लिप्यंतर करणाऱ्या कारकुनाच्या हाती खोटी अक्षरे देतात, तिसरे चोपडीत पान शिवू देत नाही. दिवसातून एकदा, एकच गोळी. मूठभर गोळ्यांवरून एका गोळीवर यायला पंचवीस वर्षेही लागली नाहीत. ही गोळी पूर्वीच्यापेक्षा सोशिक आहे आणि तिला हरवणे विषाणूला कठीण जाते. तरी काहींना तिच्याने झोप कमी येते, काहींचे वजन वाढते, मूत्रपिंडाची तपासणी अधूनमधून करावी लागते. पित्ताची, लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी तिच्याबरोबर वाटेल तशी घेतली तर तिचे शोषण कमी होते; म्हणून अंतर डॉक्टरांना विचारूनच ठेवावे. क्षयाचे औषध चालू असेल तर मात्रा बदलावी लागते. एचआयव्हीच्या रोग्याचा सर्वांत मोठा वैरी आजही क्षयच आहे, हे विसरून चालणार नाही.

आता तिसरा प्रश्न : जन्मभर का? क्षयाची औषधे सहा महिन्यांनी थांबतात, मग ही का थांबू नयेत? कारण चोपडीत शिवलेले पान. विषाणूचे पान शिवून घेतलेल्या काही पेशी झोपी जातात. त्या माल काढत नाहीत, म्हणून औषधाला सापडत नाहीत. हा गुप्त साठा १९९७ साली सिद्ध झाला, आणि औषधे चालू असतानाही तो आपोआप संपायला सत्तर वर्षांहून अधिक काळ लागेल असा हिशोब २००३ साली मांडला गेला. रोग्याला बरे वाटते, वजन वाढते, तपासणीत विषाणू दिसत नाही, आणि तो म्हणतो, आता पुरे. बहुधा काही आठवड्यांतच तो विषाणू रक्तात परत येतो. म्हणून कोणी सहा महिन्यांत मुळापासून इलाज करतो म्हणाला, तर त्याच्या दारात पाऊल टाकू नका. असे दावे करायला कायद्यानेच बंदी आहे.

थांबवण्याहूनही वाईट म्हणजे धरसोड. तिन्ही औषधे अंगातून एकाच वेगाने उतरत नाहीत. एक लवकर जाते, दुसरे मागे रेंगाळते. चार दिवस गोळी चुकली म्हणजे मधल्या काळात अंगात एकच औषध, तेही अपुरे, उरू शकते. म्हणजे आपण पुन्हा १९८७ सालात गेलो! पावणेतीनशे वर्षांचा तो हिशोब तिन्ही औषधे एकत्र हजर असण्यावर बेतलेला आहे, आणि ती हजेरी दररोजची आहे. एकदा विषाणू एका संचाला सरावला की दुसरा संच द्यावा लागतो. तो घेणे अधिक जिकिरीचे असते, आणि असे संच काही अमर्याद नाहीत.

येथवर आपण प्रयोगशाळेत होतो. आता चंदनसारला येऊ. कारण गोळी चुकते ती प्रयोगशाळेत नव्हे. ती घरात चुकते, गाडीत चुकते, कामावर चुकते.

समजा, येथल्याच एखाद्या चाळीत एक सून आहे. नवरा गेला, तिला तपासणीत कळले, ती औषध घेते. गोळीची बाटली ती तांदळाच्या डब्यात ठेवते, बाटलीवरचे नाव नखाने खरवडून काढते. एके दिवशी सासूबाई विचारतात, "सूनबाई, रोज रात्री ही कसली गं गोळी घेतेस?" सून म्हणते, "रक्तवाढीची, आई." दुसऱ्या दिवसापासून ती सासूबाई झोपायची वाट पाहते, सासूबाई उशिरा झोपतात, दिवसभराच्या कामाने सुनेचाच डोळा लागतो. गोळी चुकली. समजा, हमरस्त्यावरच्या एखाद्या गाळ्यात काम करणारा एक तरुण आहे. जवळच्या केंद्रात कोणी ओळखीचा दिसेल म्हणून तो विरारहून गाडी धरून दूर मुंबईला औषध आणायला जातो. त्यासाठी खाडा पडतो. मुकादम विचारतो, "दर थोड्या दिवसांनी कसली रे सुटी?" पुढच्या खेपेला तो जात नाही. गोळ्या संपल्या.

या दोघांनाही औषध फुकट मिळत होते. औषधाची शक्ती पुरेशी होती. हिशोब कोठे बिघडला? सासूबाईंच्या त्या एका प्रश्नात आणि मुकादमाच्या त्या एका वाक्यात. दोघांच्याही मनात दुष्टावा नव्हता. पण विचारणाऱ्याला खरे सांगितले तर भांडी वेगळी होतील, खोली सोडावी लागेल, काम जाईल, ही जी भीती त्या दोघांच्या मनात आहे ती त्यांनी कल्पनेने निर्माण केलेली नाही. आपल्या गावांनी, आपल्या शहरांनी तशी वागणूक दिलेली त्यांनी पाहिली आहे. म्हणून मी म्हणतो की या रोगाच्या उपचारात शेजारी हा बाहेरचा माणूस राहू शकत नाही. तो गोळी सोपी करतो किंवा अवघड करतो.

आपण म्हणाल, आम्हांला आमच्या मुलाबाळांची काळजी नको का? जरूर हवी. म्हणूनच शास्त्र काय म्हणते ते ऐका. हा विषाणू एका ताटात जेवल्याने, एकाच नळाचे पाणी प्याल्याने, एका न्हाणीत आंघोळ केल्याने, डास चावल्याने पसरत नाही. तो पसरतो शरीरसंबंधातून, दूषित रक्तातून व सुयांतून, आणि आईकडून बाळाला. आणि या वाटाही उपचाराने बंद करता येतात. नऊ देशांतील १७६३ जोडप्यांवर एक मोठा अभ्यास झाला. त्यात पुण्याची, तेव्हा राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था म्हणून ओळखली जाणारी संस्थाही सामील होती. जोडप्यातल्या एकाला लागण होती, दुसऱ्याला नव्हती. लागण असलेल्याला लवकर औषध सुरू केले तर जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी कमी होतो, असे २०११ साली प्रसिद्ध झाले. पुढच्या अभ्यासांनी आणखी पक्के सांगितले : गोळी नेमाने घेऊन ज्याच्या रक्तातला विषाणू तपासणीत न सापडण्याइतका कमी झाला आणि तसाच राहिला, त्याच्याकडून शरीरसंबंधातून लागण होत नाही. गरोदर स्त्रीने वेळेवर औषध घेतले तर बाळ निरोगी जन्मण्याची शक्यता फार मोठी असते. तेव्हा मुलाबाळांची खरी काळजी असणाऱ्याने रोग्याला वाळीत टाकू नये, त्याची गोळी चुकणार नाही हे पाहावे. ज्याला हाकलून दिले, तो औषधाविना राहतो. आणि धोका असतो तो औषधाविना राहणाऱ्याकडूनच.

कायदाही आज याच बाजूला उभा आहे. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. रोगामुळे कोणाला नोकरीवरून काढणे, शाळेत न घेणे, घर नाकारणे, रुग्णालयात उपचार नाकारणे, यांना त्याने मनाई केली आहे. संमतीवाचून चाचणी करता येत नाही, आणि एखाद्याला लागण आहे हे त्याच्या संमतीवाचून दुसऱ्याला सांगता येत नाही. परंतु कायदा कचेरीत बसलेला असतो. चाळीच्या जिन्यात तो उभा राहू शकत नाही. तेथे आपणच असतो.

आकडा पाहिला तर २०२१ च्या सरकारी अंदाजानुसार देशात सुमारे चोवीस लाख माणसे या विषाणूसह जगत होती, आणि त्यांतली चार लाखांच्या जवळपास एकट्या महाराष्ट्रात, कोणत्याही राज्याहून अधिक. या संख्येचा अर्थ एवढाच की आपल्या ओळखीत असे कोणी नाही असे आपल्याला वाटत असेल, तर बहुधा कोणी आपल्याला सांगितलेले नाही.

तर करायचे काय? फार मोठे काही नाही. ज्यांना शंका आहे त्यांनी चाचणी करून घ्यावी; सरकारी रुग्णालयांतील चाचणी केंद्रांत ती विनामूल्य आणि गुप्तपणे होते, आणि १०९७ या क्रमांकावर फुकट माहितीही मिळते. जे औषध घेत आहेत त्यांनी गोळीची वेळ एखाद्या रोजच्या कामाला बांधून टाकावी, प्रवासाला निघताना चार दिवसांच्या जास्त गोळ्या जवळ ठेवाव्यात, आणि चुकलीच तर केंद्रात न लपवता सांगावे. तेथे रागवायला नव्हे, मदत करायला माणसे बसवलेली आहेत. आणि आपण बाकीच्यांनी कोणाच्या हातात गोळी दिसली तर ती कसली हे विचारू नये, विचारायचेच असेल तर, "पाणी देऊ का?" एवढे विचारावे.

१९९० च्या दशकात या रोगाचे नाव काढले की डॉक्टरसुद्धा आवाज खाली आणत, कारण सांगण्यासारखे काही हातात नव्हते. आज वेळेवर उपचार सुरू केलेला, गोळी न चुकवणारा माणूस इतरांसारखेच दीर्घ आयुष्य जगू शकतो. शास्त्रज्ञांनी आपले काम केले, मुंबईच्या कारखान्याने ते स्वस्त केले, सरकारने ते फुकट केले. या गोळीचा उरलेला प्रवास केंद्राच्या खिडकीपासून माणसाच्या तोंडापर्यंत आहे, आणि तो तुमच्या-आमच्या घरांमधून जातो. तेवढी वाट आपण मोकळी ठेवू या.